स्पीकर वाढले की ओहम घटतात



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "हे तर पोरांचं काम, आम्हाला काय करायचं त्यात?" विषय आहे पिकअप गाडीवर लावतात ते वूफर आणि त्यांना चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं 'मशीन' म्हणतात ते. कोणत्या मशीनला किती वूफर जोडायचे आणि कसे जोडायचे, एवढंच आज समजून घेऊ.

कशासाठी, ते आधी सांगते. वणीला आवाजाच्या गाडीला कामाची कमी नाही. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडाची यात्रा, खानदेशातून पायी येणारे भाविक, मग नवरात्र, कोजागिरीच्या कावडी. मधल्या दिवसांत लग्नं, हळदी, गणपती, जयंत्या. मंडप आणि भांडी भाड्याने देणाऱ्या गटाच्या मनात मग येतंच, की साउंडची गाडीही करावी. कर्जाच्या कागदावर सह्या होतात बायकांच्या. वायरी जोडतो मात्र कोणाचा तरी मुलगा, कोणाचा दीर, नाहीतर बाहेरून बोलावलेला साउंडवाला. भर यात्रेत मशीन जळालं तर गाणं थांबतं, भाडं बुडतं, पण बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून ज्यांची सही, त्यांना हा हिशेब यायला हवा. गटाची वही लिहिणारीला बेरीज आणि भागाकार येतो ना? मग तेवढ्यावर भागतं.

ओहम म्हणजे काय

वूफरच्या मागे मोठं लोहचुंबक असतं. त्याच्या फटीत बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवलेली असते, तिला कॉइल म्हणतात. मशीनमधून वीज कॉइलमध्ये गेली की कॉइल पुढेमागे हलते, तिच्याबरोबर कागदी पडदा हलतो आणि आवाज होतो. कॉइल विजेला जो अडथळा करते, त्याला शाळेच्या पुस्तकात 'रोध' म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. हे नाव गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाचं. कुलपं करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. विजेचा दाब, प्रवाह आणि रोध यांचं गणित त्याने १८२७ साली छापलं. आज आपण करणार आहोत तो हिशेब त्याचाच.

गाडीवरच्या वूफरच्या मागे ४ ओहम किंवा २ ओहम असं लिहिलेलं असतं. लग्नाच्या मोठ्या खोक्यांवर बहुतेक ८ ओहम असतं. इथेच पहिली गफलत होते. आकडा लहान दिसला की वाटतं, भार हलका. खरं तर उलट आहे. ओहम जितके कमी, तितका अडथळा कमी. अडथळा कमी झाला की मशीनमधून वीज जास्त वाहते, आणि मशीनवर भार जास्त पडतो.

विहिरीवरची मोटर आठवा. द्राक्षबागेला ठिबकने पाणी चाललंय, एकदोनच कॉक उघडे आहेत, तोवर मोटर निवांत चालते. मध्येच मोठा पाइप फुटला किंवा सगळे कॉक एकदम मोकळे सोडले, की पाणी धो धो धावतं, मोटर जास्त अँपिअर ओढते, तापते आणि स्टार्टर ट्रिप होतो. पाण्याला वाट मोकळी झाली म्हणून मोटरवरचा ताण वाढला. मशीनचंही असंच आहे.

आकड्यांत सांगते. समजा मशीन वूफरला २० व्होल्टचा दाब देतंय. ४ ओहमचा वूफर असेल तर २० भागिले ४, म्हणजे ५ अँपिअर वीज वाहील. २ ओहम असतील तर १० अँपिअर. १ ओहम असेल तर २० अँपिअर. दाब तोच, पण प्रवाह चौपट झाला. मशीनमधले पार्ट त्या चौपट प्रवाहासाठी बनवलेले नसतील, तर ते जळतात.

मशीनवर काय लिहिलंय ते वाचा

प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत, आणि बहुतेक वेळा मागच्या लेबलवरही, ते कमीत कमी किती ओहमपर्यंत चालतं ते दिलेलं असतं. मशीनची हद्द हीच. "किमान २ ओहम" असं लिहिलं असेल तर २, ४, ८ चालेल, १ चालणार नाही. दुकानदार वॅटचा आकडा मोठ्याने सांगतो आणि ओहमचा आकडा सांगत नाही. तुम्ही विचारा. वॅटमध्येही आरएमएस वॅट कोणते ते विचारा. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'पीएमपीओ' किंवा 'मॅक्स' म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो जाहिरातीचा. मशीन सतत देऊ शकतं ते आरएमएस.

दोन चॅनेलच्या मशीनला आणखी एक सोय असते, तिला 'ब्रिज' म्हणतात. दोन्ही चॅनेल एकत्र करून एकाच वूफरला जास्त ताकद द्यायची. पण ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला वूफरचा रोध अर्धाच जाणवतो. ४ ओहमचा वूफर त्याला २ ओहमसारखा लागतो. म्हणून एरवी २ ओहम चालणाऱ्या मशीनची ब्रिजची हद्द साधारण ४ ओहम असते. पुस्तिकेत ब्रिजचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो वेगळाच वहीत लिहून ठेवा.

जोडणीचे दोन प्रकार

शाळेच्या पुस्तकात एकसर जोडणी आणि समांतर जोडणी असे दोन शब्द आहेत. घरात शिकणारी मुलगी असेल तर तिला विचारा, ती सांगेल. वायरमन यांनाच सिरीज आणि पॅरलल म्हणतो.

एकसर, म्हणजे सिरीज. एका वूफरमधून वीज बाहेर पडते आणि दुसऱ्यात शिरते. एका ओळीत चाललेल्या माणसांना एकामागून एक दोन अरुंद दरवाजे लागावेत, तसं. अडथळे एकापुढे एक आले, म्हणून ओहमची बेरीज करायची. ४ आणि ४ म्हणजे ८. जोडणी अशी: मशीनच्या अधिक टोकातून पहिल्याच्या अधिकला, पहिल्याच्या उण्यातून दुसऱ्याच्या अधिकला, दुसऱ्याच्या उण्यातून परत मशीनच्या उण्याला.

समांतर, म्हणजे पॅरलल. सगळ्या वूफरची अधिक टोकं एकत्र, उणी टोकं एकत्र. आता तेच दोन दरवाजे शेजारी शेजारी आहेत. गर्दीला दोन वाटा मिळाल्या, अडथळा निम्मा झाला. इथे भागाकार करायचा: एका वूफरचे ओहम भागिले वूफरची संख्या. ४ ओहमचे दोन असतील तर २, तीन असतील तर १.३३, चार असतील तर १.

आजच्या बोलण्यातली ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पॅरललमध्ये स्पीकर वाढले की ओहम घटतात आणि मशीनवरचा भार वाढतो. बहुतेक पोरं पॅरललच जोडतात, कारण सोपं पडतं: आहे त्या वायरीला दुसरी वायर पिळली की झालं. "एक खोकं अजून लावा ना" असं वरातीतलं कोणी म्हणतं आणि त्या एका खोक्याने मशीन हद्दीच्या खाली जातं.

वेगवेगळ्या ओहमचे दोन पॅरलल जोडले तर दोघांचा गुणाकार करून त्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. ४ आणि ८ असतील तर ३२ भागिले १२, म्हणजे साधारण २.७. पण अशी मिसळ शक्यतो करू नये. पॅरललमध्ये कमी ओहमवाला जास्त वीज खातो, आणि एक दमतो तर दुसरा रिकामाच असतो. एका मशीनवर एकाच जातीचे वूफर बरे.

दोन कॉइलचा वूफर

आता गाडीचे पुष्कळ वूफर दोन कॉइलचे येतात. बाहेरून एकच दिसतो, पण मागे दोन टोकांऐवजी चार टोकं असतात. त्यावर "४ + ४" किंवा "२ + २" असं लिहिलेलं असतं. हिशेबासाठी तो एक वूफर न धरता दोन कॉइल धरायच्या.

समजा, गटाने ४ + ४ चे दोन वूफर घेतले आणि किमान २ ओहमचं मशीन घेतलं. एकूण कॉइल झाल्या चार, प्रत्येकी ४ ओहमच्या. जोडण्याच्या तीन तऱ्हा बघू.

पहिली, चारही कॉइल पॅरलल. ४ भागिले ४, म्हणजे १ ओहम. हद्द आहे २ ची. हे धोक्याचं. गंमत अशी, की दुकानात पाच मिनिटं वाजवून दाखवतात तेव्हा हीच जोडणी सगळ्यात जोरात वाजते. मशीन लगेच जळत नाही. ते तासाभराने, उन्हात, ऐन वरातीत जळतं.

दुसरी, चारही कॉइल एकामागे एक. ४ चोक १६ ओहम. मशीनला काही धोका नाही, पण आवाज फार दबतो.

तिसरी, प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल आपापसात सिरीज, म्हणजे प्रत्येक वूफर ८ ओहमचा झाला. मग ते दोन वूफर एकमेकांना पॅरलल. ८ भागिले २, म्हणजे ४ ओहम. हद्दीच्या वर, निर्धास्त. हीच जोडणी ठेवायची.

मग त्या मशीनकडून पूर्ण २ ओहमचं काम घ्यायचं असेल तर? या चार सारख्या कॉइलमधून २ ओहम जमत नाही. त्यासाठी २ + २ चे वूफर घ्यायला हवे होते. प्रत्येकाच्या कॉइल सिरीज केल्या की ४, आणि असे दोन पॅरलल केले की २. म्हणून हा हिशेब वायरी जोडताना करून उपयोग नाही, तो खरेदीच्या आधी करायचा. आधी मशीनची हद्द बघायची, मग तिला बसतील ते वूफर निवडायचे. मशीन एका दुकानातून आणि वूफर स्वस्तात दुसरीकडून असं करणार असाल, तर हातात कागद घेऊन जा.

४ ओहमवर वाजवल्याने आवाज फार कमी होईल, अशी भीती पोरं घालतात. ती तितकी खरी नाही. वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो जरासाच मोठा वाटतो. तोच आवाज कानाला दुप्पट वाटायला जवळजवळ दहापट वॅट लागतात. म्हणजे हद्दीच्या वर राहिल्याने गमवावं लागतं थोडं, आणि वाचतं पुष्कळ.

आपल्या हाताने तपासा

लेबल निघून गेलेलं असतं, जुना वूफर घेतलेला असतो, किंवा जोडणी कोणी केली ते माहीत नसतं. अशा वेळी साधा मल्टीमीटर कामाला येतो. मशीन बंद करा. मशीनपासून वूफरच्या दोन्ही वायरी सोडवा. मल्टीमीटर ओहमच्या २०० च्या खुणेवर ठेवा. आधी त्याच्या दोन काड्या एकमेकींना टेकवून बघा. ०.२, ०.३ असा जो आकडा येईल तो नंतर वजा करायचा. मग त्या काड्या वूफरकडून आलेल्या दोन वायरींना लावा.

मल्टीमीटरचा आकडा लेबलपेक्षा थोडा कमी येतो, तो दोष नाही. ४ ओहमचा वूफर साधारण ३.२ ते ३.७ दाखवतो. ८ चा वूफर ६ च्या आसपास. ४ ची अपेक्षा असताना १.७ दिसलं, तर कोणीतरी पॅरलल करून ठेवलंय असं समजा. काहीच आकडा आला नाही, तर कॉइल तुटलीय किंवा वायर निघालीय. जवळजवळ शून्य आलं, तर कुठेतरी दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. ते मशीनला मुळीच जोडू नका. दोन मिनिटांचं काम आहे, पण दर भाड्याच्या आधी करावं.

बारा व्होल्टने झटका बसत नाही, पण आग लागते

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिला हात लावला तर घरच्या विजेसारखा झटका बसत नाही, म्हणून तिची भीती वाटत नाही. पण दाब कमी असल्यामुळेच प्रवाह फार मोठा लागतो. मशीन ५०० आरएमएस वॅट देत असेल तर ते बॅटरीकडून ५० अँपिअरच्या आसपास ओढतं. घरात गिझर लावतो तो मोठा प्लगही १६ अँपिअरचाच असतो. त्याच्या तिप्पट वीज त्या वायरीतून जाते. वायर बारीक असेल तर ती तापते, तिचं प्लास्टिक वितळतं, आणि शेजारी मंडपाचं कापड किंवा डिझेलचा कॅन असला तर पुढचं सांगायला नको.

म्हणून तीन गोष्टी पक्क्या करा. पहिली, बॅटरीपासून मशीनपर्यंत जाड, खऱ्या तांब्याची वायर. एवढ्या मशीनला २५ स्क्वेअर मिलिमीटरची धरा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते. चाकूने तार खरवडली की आत पांढरं दिसतं, ती घेऊ नका. दुसरी, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज. मशीनजवळ फ्यूज असला तरी हा वेगळा हवाच, कारण मधली वायर पत्र्याला घासून सोलली तर तिला तोडणारा हाच. तिसरी, फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा दुसरा लावायचा. चांदीचा कागद, वायरीचा तुकडा, खिळा यातलं काही घालायचं नाही. फ्यूज उडतो तेव्हा तो आपलं काम करत असतो. तो पुन्हा पुन्हा उडायला लागला, तर ओहमचा हिशेब चुकलाय का ते आधी बघा.

मशीन स्वतःही सांगतं. चांगल्या मशीनला 'प्रोटेक्ट' नावाचा दिवा असतो. तो लागून आवाज बंद पडला, तर बंद-चालू करून पुन्हा रेटायचं नाही. मशीनच्या पत्र्यावर तीनचार सेकंद तळहात ठेवता येत नसेल, तर ते जास्त तापलंय. त्याच्यावर गोधडी, हारतुरे, पिशव्या टाकू नका, त्याला वारा लागू द्या.

एक शंका येईल, ती आधीच सांगून टाकते. देवळावरचे भोंगे एकाच मशीनवर दहा-दहा लावतात, ते कसे चालतात? त्यांची तऱ्हा वेगळी. त्या मशीनला '१०० व्होल्ट' असं वेगळं टोक असतं आणि प्रत्येक भोंग्याला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तिथे ओहमऐवजी वॅटची बेरीज करतात आणि ती मशीनच्या वॅटपेक्षा कमी ठेवतात. गाडीच्या मशीनला ते टोक नसतं. देवळाचा हिशेब गाडीला लावू नका.

आवाजाची आणखी एक हद्द आहे, ती कायद्याची. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस ठरवून जाहीर होतात. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचं १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून सरकार जाहीर करू शकतं. भाडं ठरवतानाच या गोष्टी गिऱ्हाइकाला सांगा, म्हणजे रात्री दहाला वाद होत नाही.

वहीत एक पान

आता काम. तुमच्या गटाची गाडी असेल, किंवा घ्यायचा विचार असेल, तर वहीत एक पान या हिशेबाला द्या. त्यावर लिहा: मशीनचे आरएमएस वॅट, किमान ओहम, ब्रिजचे किमान ओहम. खाली प्रत्येक वूफरचे ओहम आणि कॉइल किती. त्याखाली जोडणीचं चित्र आणि एकूण ओहम. शेवटी फ्यूजचे अँपिअर. याच पानाची एक प्रत मशीनच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा. आणि भाड्याच्या पावतीवर एक ओळ टाका: "गटाच्या मशीनला बाहेरचा स्पीकर जोडायचा नाही."

गाडी कोणीही चालवो, वायरी कोणीही जोडो. निघायच्या आधी गटातल्या एकीने मल्टीमीटर लावायचा आणि आकडा त्या पानाशी ताडून बघायचा. जुळला तर गाडी सोडायची. नाही जुळला तर "ताई, काही होत नाही" असं कोणीही म्हणालं, तरी ती सोडायची नाही. हप्ता आपल्याला भरायचाय.

पुढच्या भेटीपर्यंत हा भागाकार करून ठेवा: २ + २ चे तीन वूफर, प्रत्येकाच्या कॉइल सिरीज, आणि तिघे पॅरलल. एकूण ओहम किती, आणि किमान २ ओहमच्या मशीनला ते चालतील का? उत्तर गटाच्या बैठकीत एकमेकींना सांगा.